उरलेली तीन पुस्तकं

१

डबा जागेवर होता. झाकण घट्ट बसलेलं होतं आणि वर साडीच्या काठाची नाडी दोन फेरे मारून बांधलेली होती. सारिकाने नाडी सोडली आणि झाकण उघडलं. सकाळी या डब्यात बेचाळीस पुस्तकं होती. आता तीन होती.

पुस्तकं म्हणजे गॅसची. पातळ, निळी, आतल्या पानावर घरधन्याचं नाव आणि जोडणीचा नंबर. बाजारात त्यांच्या बदल्यात कुणी चहासुद्धा पाजला नसता. पण उत्रोलीच्या बायकांना त्या घडीला ती सोन्यापेक्षा जड होती. भोरचा सर्जेराव हा तोवर पंचक्रोशीतला एकटाच गॅस एजन्सीवाला. एकटा असल्यामुळे तो फार माजला होता. टाकी हवी तर महिनाभर थांबा, थांबून मिळाली तर सोबत त्याच्याकडची चहापूड घ्या, आणि बोललात तर नंबर सगळ्यात खाली. पुढे किकवीला हायवेवर नवी एजन्सी उघडली आणि बायकांनी ठरवलं, आपण जोडणी तिकडे बदली करून घ्यायची. त्यासाठी जुन्या पुस्तकावर सर्जेरावाचा ‘हरकत नाही’ असा शिक्का लागत होता. तो देईना. तेव्हा सारिका बायकांना घेऊन त्याच्या काउंटरसमोर दोन दिवस मांडी घालून बसली. तिसऱ्या दिवशी तहसिलातून माणूस आला आणि सर्जेरावाने दात-ओठ खात बेचाळीस शिक्के मारले.

ते शिक्के पुन्हा मिळणार नव्हते. किकवीला कंपनीचा साहेब बदलीची कागदपत्रं घ्यायला बुधवारी एकच दिवस येणार होता. आणि आज होता सोमवार.

हां हां म्हणता सारिकाच्या अंगणात गर्दी जमली. बाया भाताच्या झोडणीवरून तशाच आल्या होत्या, केसांत कोंडा, पदर खोचलेले. गर्दीत जमीलाही होती. जमीला म्हणजे शेगडीवाली. तिचा नवरा शफी भोरला स्टोव्ह-शेगड्या दुरुस्त करायचा. तो गेल्यावर नातेवाइकांनी ‘आता घरात बैस’ म्हटलं, तेव्हा हिने त्याची पक्कड उचलली आणि दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं. दोन वर्षांपूर्वी ती उत्रोलीत दोन खोल्या घेऊन राहायला आली. गावातलं एकही स्वयंपाकघर असं नव्हतं जिथली शेगडी तिने उलटी केली नव्हती, आणि शेगडी उलटी केली की माणसंही थोडी कळतात.

“उरलीत ती कुणाची?” कुणीतरी विचारलं.

सारिकाने पुस्तकं उघडली. एक साळूबाईचं, एक गेनबा ड्रायव्हरचं. तिसरं तिने उघडलं आणि वर पाहिलं.

“भाभी, तुमचं.”

सगळ्या माना जमीलाकडे वळल्या. चंद्राबाई पुढे आली. गावात सारिकाआधी पुढारपण तिचं होतं आणि ते गेल्याचं तिला विसरता येत नव्हतं.

“ज्यांची ऱ्हायली त्यांनाच इचारा की,” ती म्हणाली. “आन म्या पयल्यापासनं सांगत हुते, डबा वरच्या आळीत ठेवा म्हणून. त्या आळीत ठिवायलाच नगं हुता.”

त्या आळीत म्हणजे बौद्धांच्या आळीत. चंद्राबाई ते बोलली, आणि बाकीच्या गप्प राहिल्या. सारिकाचा चेहरा पाहून जमीलाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. या पोरीने दोन दिवस उपाशी बसून शिक्के मिळवले, ती आज चोर ठरत होती.

“चंद्राकाकू, जीभ आवरा,” जमीला म्हणाली. “उद्या दिस मावळायच्या आत पुस्तकं हितं आणून ठिवते. न्हाई ठिवली तर माजं नाव जमीला न्हाई.”

बोलून गेल्यावर तिला कळलं की आपण केवढं बोललो. तेवढ्यात मागून कुणाचा तरी आवाज आला, “दुपारी सर्जेरावाचा टेम्पो सारिकाच्या दारात हुता. म्या माझ्या डोळ्यांनी बगितला.”

२

मंगळवारी सकाळच्या पहिल्या एसटीने जमीला आणि सारिका भोरला गेल्या. एजन्सीच्या मागच्या अंगणात गेनू टाक्या उतरवत होता. गेनू सर्जेरावाचा टाक्या पोचवणारा गडी, अंगाने दांडगा आणि मनाने भित्रा.

“काल आमच्या घरात शिरलास?” सारिकाने सरळच विचारलं.

“शिरलो की,” गेनू म्हणाला. “तुमचा नंबर हुता. हाका मारल्या, सगळी झोडणीला. कडी काढली, भरलेली टाकी आत ठिवली, रिकामी घेतली, कडी लावली. डबा फळीवर हुता. म्या हात लावला न्हाई, आईची आण.”

“किती वाजता?”

“साडेबारा. तवा नाडी बांदलेली हुती.”

“नाडी तर चोरी झाल्यावर पण बांधलेलीच हुती,” जमीला म्हणाली.

गेनूचा चेहरा पडला. एवढ्यात सर्जेराव बाहेर आला. पांढरे बूट, पांढरी विजार, आणि जमीलाला पाहिल्याबरोबर कपाळाला आठ्या. याचं कारण जुनं होतं. त्याला नव्या शेगड्या खपवायच्या असत आणि ही बाई जुन्या शेगड्या मरू देत नसे. शिवाय काउंटरसमोरच्या बैठकीत त्याला चारचौघांत ‘चहापूडवाले’ म्हणणारीही हीच.

“पुस्तकं चोरीला गेली म्हणं,” तो हसत म्हणाला. “लई वाईट झालं. आता माज्याकडं नव्या पुस्तकाचा अर्ज करा. बगू, उन्हाळ्यापतूर मिळंल.”

“चोरली कुणी?”

“म्या चोरली असं वाटतंय व्हय? एक सांगू का बाई, म्या जर चोरली असती तर सगळ्यांची मागं ठिवली असती, पर तुजं पुस्तक पयलं बंबात घातलं असतं.”

तो हे रागाने बोलला, आणि त्यानेच जमीलाच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. खरंच की! सर्जेरावाच्या माणसाने चोरी केली असती तर गावभरची पुस्तकं सोडून आधी तिचं उचललं असतं. त्याच्या दारात दोन दिवस बसलेल्या बेचाळीस जणींत त्याला सगळ्यात जास्त खुपणारी तीच. आणि नेमकं तिचंच पुस्तक चोराने परत डब्यात ठेवून, झाकण लावून, नाडी बांधली होती.

“चल सारिके,” ती म्हणाली. “हा माणूस वंगाळ हाय, पण ह्या येळंला ह्याचा हात न्हाई.”

“मग कुणाचा?”

“उत्रोलीचाच कुणीतरी. आपल्यातला.”

परतीच्या गाडीत सारिका खिडकीबाहेर पाहत बसली. उत्रोली जवळ आल्यावर ती म्हणाली, “भाभी, आपल्यातला निघाला तर आणखीच वंगाळ. मग म्हणतील, त्याला डबा दाखवला कुणी?”

३

जमीला आधी चंद्राबाईकडे गेली. सारिकाची नाचक्की व्हावी असं वाटणारं माणूस गावात दुसरं नव्हतं, आणि त्यासाठी स्वतःचं पुस्तक पळवायलाही तिने मागेपुढे पाहिलं नसतं.

चंद्राबाई चुलीपुढे होती. गॅस असूनही भाकरी ती चुलीवरच करायची. जमीलाने पिशवीतून उरलेली तीन पुस्तकं काढली आणि तिच्यापुढे टाकली.

“ह्यातलं माजं कुठलं, सांगा बरं.”

चंद्राबाईने तिन्ही पुस्तकं उलटसुलट केली. वरून सगळी सारखीच निळी. आत नाव लिहिलेलं, पण चंद्राबाई आयुष्यात शाळेच्या पायरीला शिवली नव्हती.

“मला काय वाचता येतंय व्हय? इतकी वरसं अंगठाच देतेय की, गॅसला, बँकेला, रेशनला साखर आणली तरी.”

मग चोर ही नव्हे. ज्याने बेचाळीस पुस्तकं उघडून, नावं वाचून तीन बाजूला काढली, त्याला वाचता येत होतं आणि सवडही होती. हाताला लागतील तेवढी घेऊन पळणारा हा चोर नव्हता.

“रागावू नगा काकू. चुलीवर का? गॅस संपला?”

“संपंल म्हणून जपून. वीज गेली तर चिमणीला थेंबभर राकेल न्हाई घरात. गॅस आल्यापासनं रेशनवाल्या ज्ञानूअण्णानं राकेल बंदच केलं. म्हणतोय, गॅसवाल्यांना राकेल न्हाई.”

“नियम हाय तसा,” जमीला म्हणाली आणि उठली. तिच्या स्वतःच्या रेशनकार्डावरही भोरच्या दुकानदाराने गॅस आला त्याच महिन्यात तहसिलातून शिक्का आणायला लावला होता. शिक्का पडला आणि रॉकेल थांबलं.

मग ती उरलेल्यांकडे वळली. गेनबा ड्रायव्हर वेल्ह्याचा, एसटीतून निवृत्त होऊन उत्रोलीत घर बांधून राहिलेला. तो ओट्यावर सुपारी कातरत होता.

“माजं पुस्तक ऱ्हायलं म्हणून लोक मलाच चोर म्हणाया लागलेत,” तो म्हणाला. “सदतीस वरसं गाडी चालवली, एक पाशिंजर पाडला न्हाई. तुजं ऱ्हायलं, माजं ऱ्हायलं. आपण दोघं भायेरचे. म्हणून सोडलं आसंल, आणखी काय?”

जमीलालाही हेच वाटलं होतं. चोराचं भांडण गावाशी, परक्यांशी नाही. हे गणित छान जुळत होतं, पण तिसरं पुस्तक साळूबाईचं होतं, आणि साळूबाई उत्रोलीतच जन्मली, उत्रोलीतच लग्न झालं, उत्रोलीबाहेर जत्रेला गेली तरी संध्याकाळी घरी परतली. तिच्याइतकं गावातलं दुसरं कोण?

साळूबाई अंगणात भात पाखडत होती. सत्तरी उलटलेली, एकटी.

“आत्या, तुमचं आन माजं काय सारखं हाय?” जमीलाने विचारलं.

“दोगी रांडमुंड,” म्हातारी म्हणाली आणि खुदकन हसली.

“गेनबातात्याची बायकू जित्ती हाय.”

“मग मला न्हाई म्हाईत बाई. ये, चा घे. साखर न्हाई मात्र, गुळाचा हाय. पोरगं वायलं निगालं तवा वाटणीत कार्ड घिऊन गेलं आंबवड्याला. साखर त्याची तकडंच येती. मला हितं ज्ञानू उभा करीत न्हाई. म्हणतो, आजे, तुजं नाव आता माज्या दुकानात न्हाई.”

जमीलाच्या हातातली बशी तशीच राहिली.

“आत्या,” ती हळूच म्हणाली, “हे परत एकदा सांगा.”

४

घरी आल्यावर तिने सारिकाला बोलावून घेतलं आणि तिचं रेशनकार्ड मागितलं. मग ट्रंकेतून आपलं काढलं. दोन्ही कार्डं शेजारी शेजारी ठेवली. जमीलाच्या कार्डावर गोल, जांभळा गॅसचा शिक्का होता. सारिकाच्या कार्डावर काहीच नव्हतं.

“तुला गॅस येऊन किती वरसं झाली?”

“चार.”

“चार वरसांत कुणी शिक्का मारला न्हाई?”

“सर्जेरावानं कार्ड मागितलंच न्हाई. म्हणाला, शेगडी माज्याकडनं घ्या, बाकीचं म्या बघतो. सगळ्यांचं तसंच झालं.”

“आन राकेल?”

“ज्ञानूअण्णा देतच न्हाई. गॅसवाल्यांना बंद.”

“कसं बंद? कार्डावर शिक्काच न्हाई, तर तू गॅसवाली हायस हे सरकारला कळणार कसं? सरकारच्या लेखी तू अजून स्टोव्हवर सैपाक करती. तुज्या नावचं राकेल दर महिन्याला गावात येतंय, सारिके. तुज्याच न्हाई, एकूणचाळीस घरांच्या नावचं.”

सारिकाने आपलं कार्ड पुन्हा उलटसुलट करून पाहिलं.

“आन किकवीच्या एजन्सीनं काय छापलंय?” जमीला म्हणाली. “बदलीला येताना रेशनकार्ड आणा, त्यावर शिक्का मारण्यात येईल. तो कागद गुरुवारी कुठं चिकटवला आपण?”

“रेशन दुकानाच्या भिंतीला,” सारिका म्हणाली.

रेशनचं दुकान ज्ञानूअण्णाचं. गोड माणूस, कपाळाला बुक्का, तोंडात कायम ‘माउली’. बायका सर्जेरावाच्या दारात बसल्या तेव्हा याने त्यांना चहा पाठवला होता. सोमवारी त्याचं दुकान बंद असतं आणि त्याला शेत नाही. सगळं गाव झोडणीला गेलं तेव्हा घरी बसलेला धडधाकट माणूस एवढा एकच.

“पण मग तीन पुस्तकं ठिवली कशाला?” सारिका म्हणाली. “सगळीच न्यायची. संशय सर्जेरावावर गेला असता.”

“कारण तो चोर हाय, पण आधी रेशनवाला हाय. माजं कार्ड भोरचं. दोन वरसं त्याच्या पाया पडले, नाव चढव म्हणून, चढवत न्हाई. गेनबातात्याचं वेल्ह्याचं. साळूआत्याचं तर आंबवड्याला गेलेलं. आमी तिघं त्याच्या रजिस्टरात न्हाई. आन दुकानात कधी बघितलंस? परक्या दुकानाचं कार्ड चुकून पुढं आलं तर इंचवाला झटकल्यावानी बाजूला सारतोय. तपासणीत परका कागद सापडला तर परवाना जातो, ही त्याची भीती. पंचवीस वरसांची सवय हाताला लागलेली. चोरी करतानाबी हातानं आपलं-परकं निवडलं.”

सारिका उठली. “चला. आत्ताच.”

“थांब. हे आपल्याला कळलं. चंद्राकाकूला आन गावाला कळाया पायजे, त्यांच्या डोळ्यांम्होरं. नायतर म्हणतील, दोगी चोर तिसऱ्याचं नाव घेत्यात.”

“मग काय करायचं?”

“गावातनं रेशनकार्डं गोळा कर,” जमीला म्हणाली. “बेचाळीस घरांची. आन बायकांना सांग, रडक्या तोंडानं या.”

५

चार वाजता दुकानासमोर बाया जमल्या. ज्ञानूअण्णा गल्ल्यामागे बसला होता. त्याने सगळ्यांना माउली म्हटलं आणि हळहळला.

“लई वाईट झालं. त्या सर्जेरावाला देव बघून घेईल.”

“अण्णा, पुस्तकं तर गेली,” जमीला पडेल आवाजात म्हणाली. “निदान कार्डं घिऊन किकवीच्या सायबाच्या पाया पडतो. पर समदी कालवली गेलीत. आमाला काय कळतंय? तुमी जरा नंबरवारी लावून द्या. तुमच्यावानी हात कुणाचा बसलाय?”

ज्ञानूअण्णा खुलला. पुस्तकांशिवाय किकवीला जाऊन काही होणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. फुकटचा चांगुलपणा दाखवायला काय जातं? त्याने गठ्ठा पुढे ओढला, अंगठा जिभेला लावला आणि कार्डं पिसायला सुरुवात केली. हात असा चालत होता की बघत राहावं. एक इकडे, एक तिकडे, हे याच्यावर, ते त्याच्याखाली. मध्येच एक कार्ड त्याने न बघितल्यासारखं गल्ल्याच्या कडेला सारलं. थोड्या वेळाने दुसरं. शेवटी एक कागद आला, तलाठ्याचा दाखला. तोही कडेला गेला.

“ही तीन आपली न्हवंत,” तो म्हणाला. “बाकी एकूणचाळीस बराबर लागली.”

जमीलाने कडेची तीन उचलली, गल्ल्यावर ओळीने मांडली आणि मोठ्याने वाचली. “हे माजं. हे गेनबातात्याचं. हा साळूआत्याचा दाखला.” मग तिने पिशवीतून तीन निळी पुस्तकं काढली आणि एकेकावर एकेक ठेवलं. आपल्या कार्डावर आपलं, तात्यांच्या कार्डावर तात्यांचं, आत्यांच्या दाखल्यावर आत्यांचं.

मागच्या बायांनी टाचा उंचावून पाहिलं. मग चंद्राबाईने तोंडावर हात नेला. तिला वाचता येत नव्हतं, पण एवढं कळायला वाचावं लागत नव्हतं.

“हा काय प्रकार?” ज्ञानूअण्णा म्हणाला. त्याचा गोड आवाज एकदम कोरडा झाला होता. “योगायोग हाय.”

“आसंल. मग राकेलाचं रजिस्टर उघडा. गॅसवाल्यांना राकेल न्हाई म्हणता, मग त्यांच्या नावापुढं अंगठं कुणाचं हायती ते बघू.”

“ते सरकारी रजिस्टर हाय. कुणालाबी दावता येत न्हाई.”

“माजा अंगठा हाय का त्यात?” चंद्राबाई पुढे सरकली. “साखरंला म्हणून घेतोस तो?”

ज्ञानूअण्णा उभा राहिला. “दुकान बंद झालंय. निगा समद्या. न्हाईतर पोलिसाला बोलावतो.”

सारिका उंबरठ्यावर आली आणि तिथेच मांडी घालून बसली, सर्जेरावाच्या काउंटरसमोर बसली होती तशीच.

“बोलवा,” ती म्हणाली. “न्हाई बोलवलं तर म्या बोलवते. पर ते कपाट उघडल्याबगर हितनं कुणी उठणार न्हाई. तुमी पण न्हाई.”

तिच्या शेजारी साळूबाई टेकली. मग एकेक करत सगळ्या. उंबरठा भरला, पायरी भरली, रस्ता भरला. भोरहून आलेली एसटी थांबली आणि प्रवाशांनी खिडक्यांतून डोकी बाहेर काढली. ज्ञानूअण्णा पाऊण तास बसून राहिला. मग त्याने कमरेची किल्ली काढली.

पुस्तकं कपाटाच्या खालच्या कप्प्यात होती. एकाही पानाला धक्का लागला नव्हता. शिक्का असलेला कागद फाडायची या माणसाची छाती नव्हती. सुतळीने बांधलेला गठ्ठा रेशनच्या नंबराप्रमाणे नीट लावलेला होता.

“बुधवार गेला की परत ठिवणार हुतो,” तो पुटपुटला. मग त्याने एकदम मान वर केली. “आन तुमी तरी काय करताय? किकवीला शिक्का बसला की राकेल कायमचं गेलं. वीज गेल्यावर अंधारात बसाल. मग याल माज्याकडं.”

“येत न्हाई जा,” चंद्राबाई म्हणाली. “तसंबी कुठं मिळतंय? पर माज्या अंगठ्यावर दुसऱ्याच्या घरात चिमणी पेटायची, ती आता बंद.”

तहसीलच्या पुरवठा शाखेला द्यायचा अर्ज सारिकाने तिथेच, दुकानाच्या पायरीवर बसून लिहिला. खाली बेचाळीस सह्या-अंगठे झाले. पहिला अंगठा चंद्राबाईचा होता, आणि तो तिने असा दाबला की कागद फाटतो की काय असं वाटलं.

६

पुस्तकांचा डबा रात्री कुठे ठेवायचा, हा प्रश्न निघालाच.

“माज्या घरी ठिवू का?” चंद्राबाई खाली बघत म्हणाली. “म्हंजी तुला उगाच ताप नगं, सारिका.”

“न्हाई,” सारिका म्हणाली. “जिथनं गेला तिथंच जाईल.”

आणि तो तिच्याच फळीवर राहिला, त्याच कडीच्या घरात. जमीला त्या रात्री शांत झोपली. तिने आपला शब्द पाळला होता, पुस्तकं हाती आली तेव्हा दिवस मावळायला अजून हातभर अवकाश होता.

बुधवारी सकाळी किकवीला जायचा टेम्पो सारिकाच्या दाराशी लागला. बाया नव्या लुगड्यांत आल्या होत्या, लग्नाला निघाल्यासारख्या. सारिका डबा घेऊन बाहेर आली. चंद्राबाई लगबगीने पुढे झाली आणि तिने डबा डोक्यावर घ्यायला हात पुढे केले.

“दे हिकडं. चला गं, बसा टेम्पोत.”

सारिकाने डबा सोडला नाही. “आधी मोजा काकू.”

“आता काय मोजायचं? झालं गेलं. आमचा इस्वास हाय की तुज्यावर.”

जमीलाला वाटलं, पोरीने आता हसावं आणि चढावं टेम्पोत. चंद्राबाईने नाक घासलं नव्हतं, पण वाकली होती. गावात एवढं पुष्कळ मानतात. पण सारिका हसली नाही. तिने डबा अंगणाच्या मधोमध ठेवला, नाडी सोडली आणि झाकण बाजूला केलं.

“सोमवारी बोललात तवा समद्या गावासमोर बोललात,” ती म्हणाली. “आज इस्वास ठिवून माज्यावर उपकार करू नगा. ज्या आळीतनं गेली म्हणालात, त्या आळीत रातभर हुती. मोजा. मोठ्यानं.”

टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवला. जमीलाने त्याच्याकडे नुसतं पाहिलं आणि तो गप्प झाला. चंद्राबाईचा चेहरा लाल झाला, मग उतरला. ती खाली बसली. तिने पहिलं पुस्तक उचललं. वाचता येत नसलं तरी मोजायला ती कुणाला हार जाणारी नव्हती.

“एक,” ती म्हणाली.

“ऐकू येत न्हाई, काकू,” सारिका म्हणाली.

“एक!” चंद्राबाई ओरडली. “दोन! तीन!”

आळीतली माणसं दारात येऊन उभी राहिली. वरच्या आळीतून दोघं-तिघं उतरून आले. पंधराला चंद्राबाईचा आवाज चिरकला, पंचविसाला ती रडायला लागली, पण थांबली नाही, आणि सारिकानेही तिला थांबवलं नाही. शेवटचं पुस्तक तिने उचललं आणि सारिकाच्या हातात दिलं.

“बेचाळीस,” ती म्हणाली.

“बेचाळीस,” सारिका म्हणाली, आणि डबा उचलून टेम्पोत चढली.